दोन वह्यांची अदलाबदल

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वाघोलीच्या शाळेतील सहावीची एक मुलगी फिकट पडत चालली. अंगावर काळेनिळे डाग उठले, हिरड्यांतून रक्त येऊ लागले. निदान झाले ते रक्ताच्या तीव्र कर्करोगाचे. तिची आई मला म्हणाली, "गुरुजी, ही पोटात असताना मी ग्रहण पाळलं नाही. त्याचंच का हो हे फळ?"

मी पडलो मॅट्रिक मास्तर. उत्तर सुचेना, म्हणून या रोगाचा इतिहास धुंडाळू लागलो.

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. पण ती नीट दिसतात फक्त पेशी दुभंगताना. तेव्हा आधी जिवंत पेशी काचपात्रात वाढवता यायला हव्यात. ही विद्या आपल्याकडे रुजवली ती पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी, मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात.

अशाच पेशींच्या गुणसूत्रांची छायाचित्रे शिकागोच्या जॅनेट रौली जेवणाच्या टेबलावर कात्रीने कापून जुळवीत. मुले चिडवीत, आई कागदी बाहुल्या खेळते! त्या खेळातच १९७२ साली त्यांना दिसले, की रुग्णाच्या ८ व २१ क्रमांकांच्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे बदलले आहेत. १९७७ साली आणखी एका प्रकारात १५ व १७ यांची अशीच अदलाबदल आढळली. आमच्या मुलीचा रोग हाच.

वाचकहो, बांधणी करताना दोन वह्यांची पाने एकमेकींत गेली, तर भलताच धडा तयार होईल ना? तसेच हे. त्या धड्यामुळे रक्तातील पांढऱ्या पेशी पोक्तच होत नाहीत. कच्च्याच वाढत राहतात.

१९८५ साली शांघायमध्ये पाच वर्षांच्या एका मुलीला 'अ' जीवनसत्त्वापासून केलेले औषध देण्यात आले आणि ती बरी झाली. हार्बिनच्या डॉक्टरांनी त्याआधीच शुद्ध सोमल वापरून पाहिला होता. तोच सोमल, ज्याच्या नावाने आपण दचकतो! डॉक्टरांच्या हाती तो औषध. घरी मात्र विषच. आज ही दोन्ही औषधे मिळून या प्रकारातील बहुतेक रुग्ण बरे होतात.

आमची मुलगीही बरी झाली. यंदा ती दहावीत आहे.

तिच्या आईला मी सांगितले, "वहिनी, ही अदलाबदल आईबापांकडून येत नाही. मुलीच्या एका पेशीत ती आपोआप घडली. ग्रहणाचा काही संबंध नाही."

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "हे तेव्हाच कुणी सांगितलं असतं तर!"

म्हणून हे लिहिले.