बांध दिसले, बाकीचं राहिलं

सोलापूर-विजापूरच्या दुष्काळाचं खापर पावसावर फोडणं सोपं आहे. पण कोरडवाहू शेतीच्या संशोधनातून वेगळं चित्र पुढे आलं. ते संशोधन १९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरीला सुरू झालं; दहा वर्षांनी सोलापूर आणि विजापूरलाही केंद्रं निघाली. एन. व्ही. कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे प्रश्नच फिरवला: पाऊस किती पडतो हे सोडा, पडलेला रानात किती राहतो? इथलं मुख्य पीक रब्बी ज्वारी, पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. म्हणजे पावसाळाभर काळी जमीन कुळवून मोकळी ठेवायची, आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या जोरदार सरी नेमक्या त्या उघड्या मातीवर कोसळायच्या. उताराच्या वाफ्यांतून वाहून जाणारं पाणी आणि माती मोजली गेली, तेव्हा कमी पावसाच्या मुलखातही पाणी वाया जातं हे आकड्यांत आलं.

शेतकऱ्याला हे ठाऊक नव्हतं का? होतं, ओघळीत ताल, म्हणजे आडवा बांध, घालून गाळ अडवणं दख्खनला नवं नाही. पण ताल बहुतेकदा वरच्या रानातून निसटलेली माती धरतो. ती निसटूच नये म्हणून केंद्रांनी जी पद्धत सांगितली तिला ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ म्हणत: समपातळीत बांध, दोन-तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट, शेणखत, कमी बियाणं, रुंद ओळी, वरचेवर कोळपणी. यातली एकेक गोष्ट दुसरीवर अवलंबून होती. सरकारला मात्र त्यातला बांधच आवडला, कारण तो दिसतो, मोजता येतो आणि दुष्काळी कामावर मजूर लावून उभा करता येतो. १९४२ च्या जमीन सुधारणा कायद्यानंतर बांधबंदिस्ती जोरात चालली. शेणखत आणि कोळपणी मात्र ज्याच्या त्याच्या ऐपतीवर सोडली.

यावर खरा आक्षेप असा की भारी काळ्या जमिनीत हे बांधही टिकले नाहीत. ओली झालेली काळी माती फुगते, पाणी जिरत नाही, बांधापाशी तुंबतं, पिकं पिवळी पडतात; उन्हाळ्यात बांधाला भेगा जातात आणि पहिल्याच मोठ्या पावसात तो फुटतो. उत्पन्नातली वाढही बेताचीच होती. पण यातून मोजणी चुकीची ठरत नाही. हलक्या मुरमाड रानाचा उपाय भारी रानावर लादला, आणि एकूण पद्धतीचा हिशेब एका बांधावर केला, ही चूक अंमलबजावणीची. पुढे सोलापूरच्याच संशोधनातून रब्बीच्या रानासाठी छोट्या बंदिस्त वाफ्यांची शिफारस आली. त्यांत पाणी एका बांधापाशी तुंबण्याऐवजी रानभर जागच्या जागी मुरतं, आणि हे काम शेतकऱ्याला पेरणीआधी स्वतःच्या बैलांनी करता येतं.