पात्यांमागचे कोठार

२२ जुलै २०२३ रोजी अतिवृष्टीने यवतमाळ जिल्ह्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराचा वेढा पडला. महागाव तालुक्यातली ही वस्ती. पंचेचाळीसेक माणसे अडकली आणि हवाई दलाच्या एमआय-१७ व्ही-५ हेलिकॉप्टरांची मदत मागवली गेली. पुरात हेलिकॉप्टर येते, हे आता आपण गृहीतच धरतो. ते उडण्याच्या स्थितीत कसे राहते, हा इतिहास मात्र फारसा कोणी लिहीत नाही. आपल्या युद्धेतिहासात वैमानिक भेटतो, भांडारपाल भेटत नाही. मला हे एकांगी वाटते.

या यंत्राचा पूर्वज एमआय-८. मिखाईल मिल यांच्या कार्यशाळेतले ते १९६१ मध्ये पहिल्यांदा उडाले. भारतात ते सत्तरच्या दशकात आले आणि डिसेंबर २०१७ मध्ये निवृत्त झाले. एमआय-१७ म्हणजे तेच शरीर, पण अधिक ताकदीची दोन इंजिने. या इंजिनांचा आराखडा लेनिनग्राडचा, मोठ्या प्रमाणावरचे उत्पादन युक्रेनमधल्या झापोरिझ्झियाचे आणि हेलिकॉप्टरची जुळणी कझानची. सोव्हिएत संघ होता तोवर हा एकाच देशातल्या तीन गावांचा व्यवहार होता. १९९१ मध्ये मधोमध सरहद्द आली. २०२२ मध्ये त्या सरहद्दीवर मोठे युद्ध पेटले. आपण हेलिकॉप्टर विकत घेतो तेव्हा विक्रेत्याचा नकाशाही सोबत विकत घेतो, एवढे यातून दिसते.

भारताने २००८ मध्ये ८० व्ही-५ हेलिकॉप्टरांचा करार केला. पुढच्या मागण्या धरून आकडा १५१ वर गेला आणि २०१६ पर्यंत सगळी पोहोचली. त्यांच्या ओव्हरहॉलची सोय २०१८ मध्ये चंडीगडच्या ३ क्रमांकाच्या बेस रिपेअर डेपोत झाली. हा डेपो हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडखाली येतो आणि त्या कमांडचे मुख्यालय आहे नागपूरला, यवतमाळपासून दीडेकशे किलोमीटरवर. विदर्भातल्या किती वाचकांना हे ठाऊक असेल?

आर्णी रोडवरच्या गॅरेजात दुसऱ्या गाडीचा बोल्ट ठोकून ट्रक वणीपर्यंत नेता येतो. (त्या मेस्त्रींच्या कसबाबद्दल मला आदरच आहे.) हेलिकॉप्टरला ही मुभा नाही. माथ्यावरच्या पंख्याची पाच पाती घ्या. प्रत्येक पात्याचा कणा धातूचा, आतून पोकळ आणि दाबाखालच्या हवेने भरलेला असतो. कण्याला बारीकशी चीर गेली तरी हवा निसटते, दाब उतरतो आणि पात्याच्या मुळाशी बसवलेल्या दर्शकात लाल पट्टा वर येतो. उड्डाणापूर्वी तंत्रज्ञ तो लाल रंग शोधतो. दिसला, की पाते बदलल्याशिवाय हेलिकॉप्टर जागचे हलत नाही. बदलायचे पाते कोठारात नसेल, तर पुरात कोणी कितीही हाका मारोत.

मोठ्या सुट्या भागासोबत एक पुस्तिका येते. रशियनमध्ये तिला 'पासपोर्ट'च म्हणतात. भाग केव्हा घडला, कोणत्या हेलिकॉप्टरवर बसला, किती तास उडाला, केव्हा उतरवला, हे सारे तीत नोंदलेले असते. आयुष्य तासांत मोजतात आणि वर्षांतही. जे आधी संपेल ते खरे. त्यामुळे कोठारात नुसता पडून राहिलेला, न वापरलेला भागही म्हातारा होतो आणि नोंदवहीतल्या तारखेला बाद ठरतो.