लठ्ठ उंदरांनी शिकवलेला धडा

लठ्ठ मूल दिसले की आपण बहुतेक जण मनातल्या मनात निकाल देऊन मोकळे होतो : हे खादाड आहे, आळशी आहे, याचा जिभेवर ताबा नाही. वर्गात अशा मुलाला लगेच टोपणनाव मिळते आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. डॉक्टरही वर्षानुवर्षे 'कमी खा' यापलीकडे फारसे काही सांगत नसत. भूक ही केवळ मनाची बाब नसून तिच्यामागे शरीराची एक यंत्रणा आहे, हे कळायला जवळजवळ अर्धे शतक लागले. त्या शोधाची ही गोष्ट.

अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर येथे जॅक्सन प्रयोगशाळा आहे. आनुवंशिकतेच्या अभ्यासासाठी तेथे उंदरांचे अनेक वाण जोपासले जातात. १९४९ साली तेथे काही पिल्ले भलतीच जाड होताना दिसली. ती सतत खात, फारशी हलत नसत आणि त्यांचे वजन नेहमीच्या उंदराच्या जवळपास तिप्पट भरे. दोष एकाच जनुकात होता. त्या जनुकाला 'ओबी' हे नाव मिळाले.

१९५३ साली इंग्लंडमध्ये गॉर्डन केनेडी यांनी एक कल्पना मांडली. शरीरातील चरबी आपल्या साठ्याची वर्दी मेंदूला देत असावी आणि मेंदू त्यानुसार भूक कमीजास्त करत असावा. १९५९ साली हर्वे यांनी उंदरांच्या जोड्यांवर प्रयोग केले. दोन उंदरांच्या कुशी एकमेकींना शिवल्या की त्यांचे थोडेथोडे रक्त एकमेकांत मिसळते. अशा जोडीतील एकाच्या मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागाला इजा केली. तो खाऊन खाऊन लठ्ठ झाला. जोडीदार मात्र वाळत गेला. म्हणजे 'पुरे' असा निरोप रक्तातून जात होता. धडधाकट जोडीदाराला तो ऐकू येत होता, इजा झालेल्याला नाही.

जॅक्सन प्रयोगशाळेत १९६६ च्या सुमारास लठ्ठ आणि मधुमेही असा आणखी एक वाण सापडला. त्याच्या जनुकाला 'डीबी' म्हटले गेले. डग्लस कोलमन यांनी हीच युक्ती वापरली. डीबी उंदीर साध्या उंदराला जोडला, तर साधा उंदीर समोर अन्न असूनही उपासमारीने मेला. ओबी उंदीर साध्याला जोडला, तर ओबीचे खाणे कमी झाले. आणि ओबीला डीबी जोडला, तर ओबी उपाशी मेला. वर्गात हे कोडे म्हणून जरूर घालून पाहावे. कोलमन यांचे उत्तर असे : ओबी उंदराला निरोपाचा पदार्थ तयार करता येत नाही, पण ओळखता येतो, डीबीमध्ये तो भरपूर तयार होतो, पण ओळखता येत नाही. अनेकांना हे पटले नाही. लठ्ठपणा हा वागण्याचाच दोष, हे मत पक्के होते.

१९९४ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओबी जनुक शोधल्याचे प्रसिद्ध झाले. ते चरबीच्या पेशींत काम करते आणि एक संप्रेरक बनवते. 'सडपातळ' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला 'लेप्टिन' म्हणू लागले.

हे माणसालाही लागू होते का? १९९७ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दोन भावंडांची (ती एकमेकांची चुलत-मावस नात्यातली होती) माहिती दिली. आठ वर्षांच्या मुलीचे वजन ८६ किलो आणि दोन वर्षांच्या मुलाचे २९ किलो होते. दोघांच्याही शरीरात लेप्टिन जवळजवळ नव्हतेच. लेप्टिनची इंजेक्शने सुरू केल्यावर त्या मुलीचे वजन वर्षभरात सुमारे १६ किलोंनी उतरले. तिची भूक निवली, ती उपदेशाने नव्हे.

मात्र अशी मुले अत्यंत विरळा. बहुतेक लठ्ठ व्यक्तींच्या रक्तात लेप्टिन कमी नव्हे, उलट जास्तच असते. मेंदू त्याला पुरेशी दाद देत नाही. त्यामुळे लेप्टिन हे सर्वांसाठी औषध ठरले नाही. पण एक गोष्ट उलगडली. वजन उतरले की लेप्टिन घटते आणि मेंदू त्याचा अर्थ 'दुष्काळ पडला' असा घेतो. १९४४-४५ साली मिनेसोटात ३६ निरोगी तरुणांना स्वेच्छेने सहा महिने अर्धपोटी ठेवले होते. ते चिडचिडे, उदास झाले. त्यांच्या मनात अन्नाखेरीज काही येईना. मनाची ही ओढ शरीराच्या टंचाईतून आली होती. कमी केलेले वजन पुन्हा का वाढते, याचे एक कारण येथे आहे.

याचा अर्थ आहार आणि खेळ निरुपयोगी, असा मुळीच नाही. जनुके चाळीस-पन्नास वर्षांत बदलत नाहीत; बदलले ते आपले अन्न, वाहने आणि मैदाने. तेथे शाळेला पुष्कळ करता येईल. पण दम्याच्या मुलाला आपण 'नीट श्वास घे' म्हणून रागावत नाही. वर्गात उंची-वजन घेताना आकडा मोठ्याने पुकारू नये आणि टोपणनाव पहिल्याच दिवशी थांबवावे. एवढे तर प्रत्येक शिक्षकाच्या हाती आहे.