जुनी छोटी गाडी ऑइल खातेय? इंजिन खोलण्याआधी मोबाइल काढा आणि हे मोजा

सर्व्हिसिंगला नवीन ऑइल भरलं होतं. तीन महिन्यांनी डिपस्टिक काढली तर टोकाला जेमतेम ओल. गॅरेजवाला बघतो आणि म्हणतो, "रिंगा गेल्या. हाफ इंजिन काढावं लागेल." म्हणजे हेड उतरवून पिस्टन-रिंगांचं काम. गाडी विकली तर साठ-सत्तर हजार येतील, आणि कामाचा अंदाज पंचवीस-तीस हजारांचा. वाशिम, रिसोड, कारंजा, मंगरुळपीर कुठेही जा, घरात जुनी मारुती ८००, ऑल्टो, सँट्रो किंवा वॅगन-आर असेल तर हा संवाद कधी ना कधी होतोच.

आमच्या घरच्या २००९ च्या छोट्या गाडीबाबतही हेच झालं. फरक एवढाच, की आम्ही इंजिन खोलायच्या आधी महिनाभर मोजलं. शेवटी खर्च झाला तो एका पॅकिंगचा आणि एका छोट्या वॉल्वचा. प्रत्येकाचं नशीब असंच असेल असं नाही, काही गाड्यांच्या रिंगा खरंच गेलेल्या असतात. पण ते अंदाजाने नाही, आकड्याने ठरवायचं. कसं, ते क्रमाने बघू.

## ऑइल जातं तरी कुठे?

इंजिनातून ऑइल जायच्या वाटा मोजक्याच आहेत.

बाहेर गळतं: टॅपेट कव्हरचं पॅकिंग, चेंबरचं पॅकिंग, ड्रेन नट, ऑइल फिल्टर, क्रँकचे पुढचे-मागचे ऑइल सील.

आत जळतं: घासलेल्या किंवा कार्बनने अडकलेल्या रिंगांमधून वर येतं, नाहीतर कडक झालेल्या वॉल्व सीलमधून खाली झिरपतं. दोन्हीकडून पोहोचतं एकाच ठिकाणी, पेट्रोल जळतं तिथे.

हवेबरोबर ओढलं जातं: पीसीव्ही वॉल्व बिघडला की ऑइलची वाफ थेट इनटेकमध्ये जाते आणि तिथून जळते.

क्वचित हेड गास्केट फुटून ऑइल आणि कूलंट एकमेकांत मिसळतात. फिलर कॅपखाली दुधाळ फेस आणि रेडिएटरचं पाणी कमी होणं, ही दोन्ही लक्षणं एकत्र दिसली तर गाडी चालवू नका, आधी दाखवा.

## लाल दिव्याची वाट बघू नका

बरेच जण समजतात की ऑइल कमी झालं की डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागेल. जुन्या छोट्या गाड्यांमध्ये तो दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, ऑइलचा दाब सांगतो. पातळी इतकी खाली जाते की पंपाला ऑइलऐवजी हवा मिळू लागते, तेव्हा कुठे तो लागतो. ८०० सीसीच्या इंजिनात मुळात साधारण पावणेतीन-तीन लिटरच ऑइल मावतं. त्यातलं निम्मं गेलं तरी दिवा गप्प असू शकतो.

म्हणून वळणावर किंवा ब्रेक मारल्यावर दिवा क्षणभर जरी लुकलुकला, तरी गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, पातळी बघा. "घरापर्यंत नेतो" म्हणालात तर बेअरिंग जाम होऊ शकतं, आणि मग हाफ इंजिनवर भागत नाही.

## पायरी १: आधी मोजा

सॉफ्टवेअरमध्ये बग सापडला की आधी लॉग बघतात, मग कोडला हात लावतात. इथेही तेच.

१. गाडी सपाट जागी लावा. इंजिन गरम झाल्यावर बंद करून दहा मिनिटं थांबा. दर वेळी याच स्थितीत मोजा.
२. डिपस्टिक पुसा, पूर्ण आत घाला, परत काढा. फोटो घ्या.
३. ओडोमीटरचा फोटो घ्या. तारीख-वेळ मोबाइल आपोआप नोंदवतो.
४. ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरा. त्याच्या वर अजिबात नको.
५. दर रविवारी पातळी बघा. खालच्या खुणेजवळ आली, किंवा १००० किमी झाले, की परत वरच्या खुणेपर्यंत भरा. किती मिली लागलं ते ऑइलच्या बाटलीच्या बाजूच्या पट्टीवर दिसतं.

हिशोब सोपा आहे: भरलेलं ऑइल (मिली) ÷ चाललेले किमी × १०००.

समजा ६४० किमीनंतर २२० मिली लागलं. २२० ÷ ६४० × १००० म्हणजे साधारण ३४४ मिली दर हजार किमीला. गुगल शीटमध्ये तीन रकाने केले की झालं.

थोडं ऑइल प्रत्येक इंजिन खातं. काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये तर हजार किमीला अर्ध्या लिटरपर्यंत खप चालतो असं लिहिलेलं असतं. जुन्या छोट्या गाडीसाठी मी वापरतो तो नियम असा:

- २५० मिलीपर्यंत: वरून भरत राहा, लक्ष ठेवा.
- २५० ते ५००: स्वस्त कारणं शोधा.
- ५०० च्या वर: कॉम्प्रेशन तपासा, दुरुस्तीचा विचार करा.
- एक लिटरच्या आसपास: दुरुस्ती करा किंवा गाडीचा निर्णय घ्या.

आमच्या गाडीचा पहिला आकडा ४६० होता.

पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल तर खूश होऊ नका. ऑइलमध्ये पेट्रोल किंवा पाणी मिसळतंय.

## पायरी २: गळती शोधा

रात्री इंजिनखाली मोठा पुठ्ठा टाका. सकाळी डाग कुठे पडला ते बघा आणि गाडीच्या दिशेसकट फोटो घ्या. मग इंजिन पुसून स्वच्छ करा, दोन दिवस गाडी चालवा आणि मोबाइलचा टॉर्च चालू ठेवून इंजिनाच्या मागच्या बाजूचा व्हिडिओ काढा. जिथे डोकं जात नाही तिथे मोबाइल जातो.

ऑइल नेहमी खाली आणि मागे वाहतं, म्हणून सगळ्यात वरची ओली जागा शोधा. चेंबर ओला दिसला म्हणून चेंबरचं पॅकिंग बदलतात, आणि गळती मात्र टॅपेट कव्हरची असते. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून थेंब पडत असेल तर मागचं क्रँक सील असू शकतं. त्याला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. क्लच प्लेट बदलायची असेल तेव्हाच ते काम करून घ्या, मजुरी एकदाच लागेल.

फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका.

## पायरी ३: धूर बघा, पण योग्य वेळी

निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. थंडीतल्या सकाळी पांढरी वाफ येते, ती साधी गोष्ट आहे. पण निळा धूर कधी येतो, त्यावरून खरी माहिती मिळते. मित्राला मागे व्हिडिओ काढायला उभं करा.

- सकाळी स्टार्ट करताच निळा झोत आणि मग साफ: रात्रभर ऑइल वॉल्व सीलमधून खाली झिरपलं. संशय वॉल्व सीलवर.
- उतारावर गिअरमध्ये गाडी सोडली आणि खाली येऊन ॲक्सिलरेटर दिला की झोत: हेही वॉल्व सील किंवा गाइड. अकोल्याच्या वाटेवर पातूरचा घाट उतरल्यावर हे चांगलं दिसतं. व्हिडिओ मागच्या सीटवरच्या माणसाने काढावा, चालवणाऱ्याने नाही.
- चढावर किंवा जोर लावल्यावर सतत निळा धूर: संशय रिंगांवर.
- धूर दिसतच नाही, तरी ऑइल जातंय: गळती, पीसीव्ही, किंवा थोडं-थोडं सतत जळणं. मॉडर्न एक्झॉस्टमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बराचसा धूर झाकतो.

## पायरी ४: पीसीव्ही, प्लग आणि कॉम्प्रेशन

पीसीव्ही वॉल्व. रिंगांच्या कडेने थोडा वायू नेहमीच खाली चेंबरमध्ये उतरतो. हा वॉल्व तो वायू परत इनटेकमध्ये नेऊन जाळतो. वॉल्व किंवा त्याचा पाइप चोंदला तर आत दाब साठतो, आणि तो दाब ऑइलला पॅकिंगमधून बाहेर ढकलतो. वॉल्व उघडाच अडकला तर ऑइलची वाफ ओढली जाते. तपासणी अशी: इंजिन बंद असताना वॉल्व काढून हलवला तर खुळखुळला पाहिजे. आयडलवर त्याच्या तोंडाशी बोट धरलं तर ओढ जाणवली पाहिजे.

इथे एक चूक फार होते. आयडलवर फिलर कॅप सैल केली आणि आतून फकफक वायू आला की मेकॅनिक म्हणतो, "बॅक कॉम्प्रेशन मारते, रिंगा गेल्या." पण पीसीव्ही चोंदला असेल तरी असंच दिसतं. आधी पीसीव्ही साफ करा किंवा बदला, मग ही टेस्ट करा. आमच्या गाडीचं निदान इथेच चुकलं होतं.

प्लग. तिन्ही किंवा चारही प्लग काढून क्रमाने ठेवा, फोटो घ्या. एकच प्लग काळा-तेलकट असेल तर आजार त्याच सिलिंडरमध्ये आहे.

कॉम्प्रेशन टेस्ट. हे गॅरेजमध्ये करून घ्या, आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून मागा. सिलिंडरांमध्ये १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. ज्या सिलिंडरचा आकडा कमी, त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत मोजायचं. आकडा चढला तर रिंगा, चढला नाही तर वॉल्व किंवा हेड गास्केट.

एक लक्षात ठेवा: वॉल्व सील खराब असले तरी कॉम्प्रेशन चांगलं येतं. ऑइल जळतंय पण कॉम्प्रेशन ठीक आहे, म्हणजे हाफ इंजिनची घाई करू नका.

## ओबीडी डोंगल लावून कळेल का?

नाही. या गाड्यांच्या ईसीयूला ऑइलची पातळी कळतच नाही. प्लग तेलकट होऊन मिसफायर झाला तर कोड येईल, एवढंच. शिवाय भारतात ओबीडी आलं ते बीएस४ बरोबर. २०१० मध्ये बीएस४ फक्त मोजक्या मोठ्या शहरांत लागू झालं, देशभर यायला १ एप्रिल २०१७ उजाडला. त्यामुळे आपल्याकडच्या कित्येक जुन्या गाड्या बीएस३ किंवा त्याआधीच्या आहेत. डोंगलच्या पैशात ऑइल घ्या.

## दुरुस्ती: स्वस्तापासून महागाकडे

१. ऑइलची पातळी आणि ग्रेड मॅन्युअलप्रमाणे करा. जास्त भरलेलं ऑइल क्रँक घुसळतो, फेस होतो आणि तेही जळतं.
२. पीसीव्ही वॉल्व, त्याचा पाइप, टॅपेट कव्हर पॅकिंग, ड्रेन नटचं वॉशर. खर्च सहसा शेकड्यांत.
३. वॉल्व सील. खर्च हजारांत. काही इंजिनांत प्लगच्या भोकातून हवेचा दाब देऊन हेड न उतरवताही सील बदलता येतात. गॅरेजमध्ये हे विचारा.
४. रिंगा कार्बनने फक्त अडकल्या असतील तर ऑइल लवकर-लवकर बदलून किंवा प्लगच्या भोकातून क्लीनर टाकून कधीकधी सुटतात. गुण येईलच असं नाही.
५. हाफ इंजिन. ब्लॉकचं बोअर मोजल्याशिवाय नुसत्या रिंगा बदलू नका. बोअर अंडाकृती झालं असेल तर नव्या रिंगाही ऑइल अडवणार नाहीत.

प्रत्येक दुरुस्तीनंतर परत मोजा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. आमची गाडी दुसऱ्या पायरीवरच ४६० वरून १३० वर आली. सकाळचा थोडा धूर अजून आहे, म्हणजे वॉल्व सील म्हातारे झालेत. तो खर्च सध्या थांबवलाय.

## आपल्याकडे इंजिन लवकर का घासतं?

धूळ. काळ्या मातीचे शेतरस्ते आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांतला भुसा. एअर फिल्टर फाटला किंवा नीट बसला नाही तर बारीक माती थेट सिलिंडरमध्ये जाते आणि पॉलिश पेपरसारखी बोअर घासते. काढणी संपली की फिल्टर बघाच.

ऊन. गरम ऑइल पातळ होतं. मॅन्युअलमधल्या तक्त्यात चालत असेल तर उन्हाळ्यात थोडा जाड ग्रेड वापरा. जसं १०डब्ल्यू-३० ऐवजी १५डब्ल्यू-४०. खप थोडा कमी होईल, पण ही दुरुस्ती नव्हे.

समृद्धी. नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि कारंजा, शेलूबाजारहून चढून नागपूर गाठणं सोपं झालं. पण १२० ची मर्यादा आहे म्हणून ८०० सीसीची गाडी तासन्‌तास शंभरच्या वर ठेवू नका. जास्त आरपीएमवर ऑइलचा खप वाढतो. गावात महिनाभर पुरलेली पातळी एका फेरीत उतरू शकते. निघण्याआधी डिपस्टिक बघा आणि डिकीत एक लिटर ऑइल ठेवा.

## दुरुस्त करू की भरत राहू?

समजा महिन्याला १००० किमी चालवता, खप २०० मिली आणि ऑइल ४०० रुपये लिटर. वर्षाला २.४ लिटर, म्हणजे ९६० रुपये. यासाठी पंचवीस हजारांचं काम परवडत नाही. हाच खप ८०० मिली असेल तर वर्षाला ३८४० रुपये, शिवाय प्लग काळे होणार, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होणार आणि पीयूसीत हायड्रोकार्बन वाढलेले येणार.

पंधरा वर्षांनी आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण असतं, ते पाच वर्षांसाठी मिळतं. ती तारीख जवळ असेल तर आधी गाडी फिटनेसमध्ये पास होईल का ते बघा, आणि मगच इंजिनावर पैसे घाला.

## नेहमी विचारले जाणारे दोन प्रश्न

वेगळ्या कंपनीचं ऑइल वरून भरलं तर चालेल का? ग्रेड आणि दर्जा तोच असेल तर चालेल. कमी ऑइलवर गाडी पळवण्यापेक्षा ते कधीही बरं.

"ऑइल खाणं बंद" म्हणणारी बाटली टाकू का? ती ऑइल जाड करते किंवा रबरी सील थोडे फुगवते. घासलेलं बोअर त्याने भरून येत नाही. आणि बाटली टाकल्यावर तुमचा लॉगही बिघडतो.

आज संध्याकाळी एवढंच करा: डिपस्टिकचा एक फोटो, ओडोमीटरचा एक फोटो. महिनाभराने गॅरेजमध्ये जाल तेव्हा "ऑइल खाते" असं सांगू नका. "हजारला ३४४ मिली, सकाळी निळा धूर, खाली गळती नाही" असं सांगा. मग इंजिन खोलायचं की नाही, ही चर्चा वेगळीच होते.