शेततळ्यातली मरळ

१९९८ साली अकोल्यातून वेगळ्या झालेल्या वाशिम जिल्ह्यात खासगी तळे म्हणजे बहुधा शेततळेच. २०१६च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेने त्यांना जोर आला. पाणी मुळात ओलितासाठी. पण त्यात कटला, रोहू, मृगळही सोडतात.

गळवाल्याचा जीव मात्र मरळीत. अमेरिकेतल्या ‘बास’ माशासारखीच ही शिकारी जात: पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरते, बेडकी दिसली की झडप घालते. श्वासासाठी तिला पाण्याच्या वर तोंड काढावे लागते. बुडबुडा फुटला की जाणता गडी गळ तिथेच टाकतो.

तळ्यात सोडलेली बोटुकली (माशांची पिल्ले) फस्त करणारी मरळ कुणी उचलून नेली, तर मत्स्यपालक कशाला रडेल? प्लास्टिकचे अस्तर असलेल्या तळ्यात मात्र गळ जपून टाकावा. काटा अस्तरात रुतला तर मासा राहील बाजूला, पाणीच झिरपून जायचे.