आवाज कुठे गेला? हेडफोन, ड्रायव्हर आणि विसरलेले करार

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञानाचा मास्तर संगणक दुरुस्तीच्या दुकानात कसा काय शिरला? त्याला एक फोन कारणीभूत आहे. माझा एक जुना विद्यार्थी आहे, जन्मापासून दृष्टिहीन. संगणकावरचं सगळं काम तो स्क्रीन रीडरवर करतो, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर. कचेरीत इतरांना त्रास नको म्हणून कानाला हेडफोन. 2016 साली एका सकाळी त्याचा फोन आला. त्याच्या टेबलावरच्या संगणकाचं विंडोज 7 काढून विंडोज 10 घातलं होतं आणि हेडफोनमधून काहीच ऐकू येत नव्हतं. म्हणाला, "सर, मशीन चालू आहे असं सगळे सांगतात, पण माझ्यासाठी ते बंद आहे."

अडचण नीट लक्षात घ्या. आवाजाची सेटिंग दुरुस्त करायची तर ती कुठे आहे हे ऐकू यायला हवं, आणि ऐकू यायला हवं तर आधी ती दुरुस्त व्हायला हवी. घराची किल्ली घरात राहिली आणि दार ओढलं गेलं, तसा प्रकार. तुमचा-माझा हेडफोन बंद पडला तर गाणं थांबतं. त्याचा बंद पडला की नोकरी थांबते. म्हणून मी या गोष्टीच्या मुळाशी जायचं ठरवलं, आणि त्यातून मला एक छोटासा इतिहास सापडला. तो आज सांगतो.

आधी एक शब्द साफ करून घेऊ. 'हेडफोनचा ड्रायव्हर' असं आपण म्हणतो. हेडफोन बनवणारे ज्याला ड्रायव्हर म्हणतात तो म्हणजे आतला लोहचुंबक, तारेचं वेटोळं आणि थरथरणारा पडदा. नथॅनियल बाल्डविनने 1910 च्या सुमारास अमेरिकेतल्या युटा राज्यात हेडफोन बनवून आरमाराला दिले, तेव्हापासून हे काम वीज आणि चुंबकावरच चालत आलंय. त्या हेडफोनला सॉफ्टवेअर लागत नाही. सॉफ्टवेअर लागतं ते संगणकातल्या आवाजाच्या चिपला. हा दुसरा ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम आणि चिप यांच्यामधला दुभाषा. अपग्रेडनंतर बिघडतो तो हा दुभाषा. हेडफोन बहुतेक वेळा ठणठणीत असतो आणि आपण उगाच नवा आणायला धावतो.

आता मागे जाऊ. 1981 सालच्या आयबीएम पीसीला फक्त एक भोंगा होता. 'पीं' एवढाच त्याचा शब्दसंग्रह. 1987 मध्ये ॲडलिब आणि 1989 मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचं साउंड ब्लास्टर ही कार्डं आली आणि संगणक गाऊ लागला. पण डॉसच्या जमान्यात सगळ्यांसाठी सामाईक असा दुभाषा नव्हताच. प्रत्येक खेळाच्या प्रोग्रॅमला प्रत्येक कार्डाची भाषा स्वतः शिकावी लागे. शिवाय कार्ड कुठल्या पत्त्यावर बसलंय, ते कितव्या इंटरप्टवर हाक मारणार, हे माणसाने आकड्यांत लिहून द्यायचं. पत्ता 220, इंटरप्ट 7 किंवा 5, डीएमए 1. हे आकडे त्या काळच्या मुलांना पाढ्यांसारखे पाठ असत. गंमत अशी की 7 नंबरचा इंटरप्ट प्रिंटरच्या पोर्टाचाही असायचा. एकाच घंटेवर दोन चपराशी धावले तर जे होईल ते व्हायचं. त्रास भरपूर होता, पण एक गोष्ट होती: यंत्राला काय माहीत आहे हे मालकालाही माहीत होतं, कारण ते त्यानेच लिहिलेलं असे.

विंडोज 3.1 ने 1992 मध्ये सामाईक दुभाषा दिला. एक ड्रायव्हर बसवला की सगळे प्रोग्रॅम त्याच्यामार्फत बोलणार. 1995 च्या ऑगस्टमध्ये विंडोज 95 आलं ते 'प्लग अँड प्ले'चं वचन घेऊन. कार्ड लावा, यंत्र स्वतः ओळखेल. लोक थट्टेने 'प्लग अँड प्रे' म्हणायचे, म्हणजे लावा आणि देवाचा धावा करा. थट्टा सोडा. मोठा बदल हा झाला की ओळखण्याचं काम माणसाकडून यंत्राकडे गेलं.

आणि इथे माझा विषय सुरू होतो. यंत्र ओळखतं म्हणजे काय करतं?

आपल्या न्यायदर्शनात प्रत्यक्ष ज्ञानाचे दोन टप्पे मानले आहेत. 'काहीतरी आहे' एवढंच कळणं म्हणजे निर्विकल्पक. 'हा घट आहे' असं नावागावासकट कळणं म्हणजे सविकल्पक. आता हेडफोनचा जॅक बघा. पूर्वीच्या यंत्रांत जॅकच्या आत धातूची छोटी पट्टी असायची. हेडफोनची पिन आत गेली की ती पट्टी बाजूला सरायची आणि स्पीकरचा प्रवाह तुटायचा. कुणाला काही कळायची गरजच नव्हती, स्प्रिंग काम करायची. 2004 मध्ये इंटेलने 1997 च्या एसी97 या मानकाच्या जागी हाय डेफिनिशन ऑडिओ नावाचं नवं मानक आणलं. त्यात स्प्रिंगचा निर्णय प्रोग्रॅमकडे गेला. पिन आत गेली की चिपला इतकंच कळतं की काहीतरी आलं. निर्विकल्पक! ते हेडफोन आहे, माइक आहे की बाहेरचा स्पीकर, हे चिप बहुतेक वेळा स्वतः खात्रीने सांगू शकत नाही.

मग ते कळतं कसं? चिपच्या प्रत्येक पिनसाठी 32 बिटांची एक नोंद असते. ही पिन हेडफोनची, ती पुढच्या बाजूला, जॅकचा रंग हिरवा, असा मजकूर त्यात सांकेतिक रूपात असतो. मदरबोर्ड किंवा लॅपटॉप बनवणारी कंपनी तो बायोसमार्फत भरते. म्हणजे हे ज्ञान प्रत्यक्षाने आलेलं नाही, ते शब्दप्रमाण आहे. कुणीतरी सांगितलं म्हणून यंत्र मानतं. आणि शब्दप्रमाणाची अट काय? सांगणारा आप्त हवा, विश्वासार्ह हवा.

इथेच घोळ होतो. अनेक यंत्रांत ही नोंद चुकीची किंवा अर्धवट भरलेली असते. मग कंपनी काय करते? बायोस दुरुस्त करायच्या ऐवजी आपल्या ड्रायव्हरमध्ये गुपचूप लिहून ठेवते: या मॉडेलच्या नोंदीवर विश्वास ठेवू नका, हेडफोन अमुक पिनवर आहे. यंत्र खोटं बोलतं, आणि ते खोटं आहे हे फक्त त्याच्या जुन्या दुभाषाला ठाऊक असतं. आता ऑपरेटिंग सिस्टीम बदलते. नवा दुभाषा येतो, सर्वसाधारण, सगळ्यांसाठी एकच. तो बिचारा प्रामाणिक. नोंद वाचतो, तिच्यावर विश्वास ठेवतो, आणि हेडफोन मुका होतो. मंडळी, अपग्रेडनंतरच्या हेडफोनच्या कितीतरी तक्रारींचं मूळ या विसरण्यात आहे.

2007 च्या जानेवारीत विंडोज व्हिस्टा बाजारात आलं तेव्हा हे फार मोठ्या प्रमाणावर घडलं. मायक्रोसॉफ्टने आवाजाची सगळी रचनाच नव्याने बांधली. त्यामागे सबळ कारण होतं. ड्रायव्हर सिस्टीमच्या गाभ्यात चालत, आणि तिथे एकाने चूक केली की सगळं यंत्र निळा पडदा दाखवून कोसळायचं. म्हणून आवाजाचं बरंचसं काम गाभ्याबाहेर काढलं. पण त्याबरोबर डायरेक्टसाउंडचा हार्डवेअरशी असलेला थेट रस्ता बंद झाला. महागडी कार्डं घेतलेल्यांचे परिणाम गायब झाले. क्रिएटिव्हला जुन्या खेळांसाठी ॲल्केमी नावाचा आणखी एक दुभाषा द्यावा लागला. त्यांच्या व्हिस्टा ड्रायव्हरवर लोक नाराज होते, तेव्हा ब्राझीलमधल्या एका वापरकर्त्याने ते स्वतः सुधारून वाटायला सुरुवात केली. मार्च 2008 मध्ये कंपनीने त्याला थांबायला सांगितलं, आणि ग्राहक असे खवळले की कंपनीलाच नमतं घ्यावं लागलं. प्रश्न असा उभा राहिला: वस्तू मी विकत घेतली, पण तिला बोलतं करणारं ज्ञान कुणाच्या मालकीचं?

लिनक्सवाल्यांनी या प्रश्नाला वेगळं उत्तर दिलं. तिथेही उलथापालथ कमी झाली नाही. 2003 च्या डिसेंबरमधल्या 2.6 कर्नेलबरोबर जुन्या ओएसएसची जागा अल्साने घेतली. 2008 च्या एप्रिलमध्ये उबुंटू 8.04 ने पल्सऑडिओ आणलं तेव्हाही पुष्कळांचे आवाज गेले. पण तिथे एक सुंदर प्रथा आहे. कुठल्या मॉडेलची नोंद कुठे चुकते याची यादी कर्नेलमध्ये उघडपणे ठेवलेली असते. एकट्या रियलटेकच्या चिपांसाठीचा मजकूर दहा हजार ओळींच्या पुढे गेला. कुणाचा तरी हेडफोन बंद पडतो, तो कारण शोधतो, दोन ओळी भरतो, आणि पुढच्या माणसाचा हेडफोन आपोआप चालतो. चुकांची ही वही कुणाच्या खासगी कपाटात नसते, म्हणून ती अपग्रेडमध्ये हरवत नाही.

आता माझ्या विद्यार्थ्याकडे परत येतो. त्याचा कॅबिनेट जुना होता, एसी97 च्या काळातला. त्याच्या पुढच्या जॅकला पिन आत आल्याची वर्दी देणारी तारच नव्हती. निर्विकल्पक ज्ञानसुद्धा नाही! ज्याने तो संगणक जोडला, त्याने ड्रायव्हरच्या पॅनेलमध्ये 'पुढच्या जॅकची ओळख बंद करा' अशा अर्थाच्या चौकटीत एक खूण केली होती. त्या एका खुणेवर माझा विद्यार्थी इतकी वर्षं काम करत होता, आणि त्याला ते माहीत नव्हतं. नवा ड्रायव्हर आला, खूण गेली, यंत्राने ठरवलं की पुढे काहीही लावलेलं नाही. आम्ही फोनवर बोलत होतो तेव्हा एका सहकाऱ्याने हेडफोन मागच्या हिरव्या जॅकमध्ये लावला आणि आवाज आला. पुढची खूण मग त्याने स्वतः, ऐकत ऐकत केली.

तुमच्यावर ही वेळ आली तर क्रम असा ठेवा. आधी आवाजाच्या सेटिंगमध्ये बाहेर जाण्याचा मार्ग कोणता निवडलाय ते पाहा. अपग्रेडनंतर तो पुष्कळदा मॉनिटरकडे वळलेला असतो. दुसरा जॅक असेल तर तो वापरून बघा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये आवाजाच्या चिपवर जाऊन 'रोल बॅक ड्रायव्हर' मिळतो का पाहा. ही सोय 2001 च्या एक्सपीपासून आहे, पण जुना ड्रायव्हर शिल्लक असेल तरच ते बटण चालतं. नसेल तर आपल्या नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून घ्या. तोही नसेल तर मायक्रोसॉफ्टचा 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' हा सामान्य ड्रायव्हर यादीतून निवडून बघा. उलटही घडतं, कधी कंपनीचाच ड्रायव्हर बिघडलेला असतो. काहीच जमलं नाही तर विंडोज 10 आणि 11 मध्ये साधारण 10 दिवसांच्या आत जुन्या आवृत्तीवर परत जाता येतं.

आणि शहाणपण आधीच करायचं असतं. अपग्रेडपूर्वी चालू ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा, आणि पॅनेलमधल्या खुणा कागदावर लिहून ठेवा. यूएसबी हेडफोन किंवा एखादं यूएसबी साउंड ॲडॉप्टर जवळ ठेवा. यूएसबीवरच्या आवाजाचं सामाईक मानक 1998 सालचं आहे आणि त्याचा ड्रायव्हर ऑपरेटिंग सिस्टीममध्येच असतो. अशी वस्तू आपली ओळख आपणच सांगते. माझ्या विद्यार्थ्याच्या खणात आता असं एक ॲडॉप्टर कायम असतं. तो त्याला 'माझी दुसरी काठी' म्हणतो.

शेवटी एवढंच. नवं करणाऱ्यांना जुनं मोडावं लागतं, हे मला मान्य आहे. व्हिस्टाने मोडलं नसतं तर आपण अजून निळे पडदे पाहत बसलो असतो. पण मोडणाऱ्यावर एक जबाबदारी येते: जुन्या दुभाषाला काय काय ठाऊक होतं, हे त्याला निरोप देण्याआधी विचारून घ्यायची. ते न विचारल्याची किंमत मोडणारा भरत नाही. ती कुठल्यातरी कचेरीत, चालू यंत्रासमोर शांत बसलेला माणूस भरतो.

आता प्रश्न घेऊ.