गरज खरी, किंमत खोटी
भाव पडला, तरी लातूरच्या आडत्याच्या पोत्यांत तूर उरते. शेअर पडला कीं हातीं काय उरतें? १८६५ सालीं अमेरिकेंतील यादवी संपून कापूस उतरला, तेव्हां मुंबईचा समुद्र बुजविण्यास निघालेल्या ‘बॅक बे’ कंपनीचे शेअर कवडीमोल झाले. जमीन मात्र पुढें झालीच. मार्च २००० नंतर अमेरिकेचा नॅस्डॅक बाजार ढासळला, तेव्हां दूरध्वनियंत्रें बनविणाऱ्या कंपन्यांचें तसेंच झालें. मुंबईंत केतन पारेख यांनीं चढविलेला हिमाचल फ्युचरिस्टिकचा शेअर २००१ सालीं कोसळला. कॅनडाच्या नॉर्टेलचें २००९ सालीं दिवाळें निघालें. तरी दूरध्वनि नांदेडच्या खेड्यापाड्यांत पोंचलाच! म्हणून मंदींतील स्वस्ताईस भुलणाऱ्यानें यंत्राचें भवितव्य नव्हे, कंपनीचें कर्ज आधीं पाहावें, असें आम्हांस वाटतें.